संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उभी राहिली कशी?

प्रश्न: नमस्कार. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत शांतिसेनेचा उल्लेखच नाही. मग निळ्या हेल्मेटांचे हे दल आले कोठून, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: आपले निरीक्षण अचूक आहे. १९४८ मध्ये पॅलेस्टाइनमधील युद्धविरामावर देखरेख करण्यासाठी निःशस्त्र लष्करी निरीक्षक पाठवले गेले. सशस्त्र दल मात्र प्रथम उभे राहिले ते १९५६ च्या सुएझ संघर्षात, म्हणजे इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला तेव्हा. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या नकाराधिकारामुळे सुरक्षा परिषद हतबल झाली, तेव्हा कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी आमसभेत प्रस्ताव मांडला आणि सरचिटणीस दाग हामरशोल्ड यांनी अवघ्या काही दिवसांत दल उभारले. निळ्या टोप्या वेळेत शिवून होणे शक्य नव्हते, म्हणून अमेरिकी हेल्मेटांच्या प्लास्टिकच्या अस्तरांनाच निळा रंग देण्यात आला. तीच पुढे ओळख ठरली.

उत्तर २: थोडी भर घालतो. यजमान देशाची संमती हा या व्यवस्थेचा पाया आहे आणि माझ्या मते तेच तिचे मर्मस्थानही आहे. मे १९६७ मध्ये इजिप्तने संमती काढून घेताच सुएझ संघर्षापासून तेथे असलेले हे दल माघारी घेणे भाग पडले. ही माघार पूर्ण होण्याआधीच जूनमध्ये इस्रायल आणि अरब देशांत युद्ध पेटले आणि गाझामध्ये भारतीय तुकडीतील जवान मारले गेले. त्यांची आठवण आपल्याकडे फारशी काढली जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.