मदत हवी आहे: नाविक आलं म्हणून जुने जीपीएस ट्रॅकर बदलायचे का?

घोडबंदरवाला:
नमस्कार मंडळी. आमचे भाजीचे टेम्पो आहेत, पहाटे वाशी मार्केटला माल भरायचा आणि माजिवडा, मानपाडा, पातलीपाडा करत कासारवडवलीपर्यंत सोडत जायचं. भावाने सगळ्या गाड्यांना ट्रॅकर बसवलेत आणि दिवसभर मोबाईलवर बघत बसतो कोण कुठे चहाला थांबलाय. आता ज्याने ते बसवून दिले तो माणूस येऊन सांगून गेला की जीपीएससारखीच आपल्या भारताची उपग्रहांवरून जागा सांगणारी यंत्रणा, नाविक, आलीय, अमेरिकेचं जीपीएस हळूहळू बंद होणार, वर नाविकच्या सिग्नलमुळे जुन्या जीपीएसला डिस्टर्ब होतं, तर सगळे युनिट बदलून टाका. कोटेशनपण ठेवून गेलाय. पुरावा काय दिला तर आमच्या म्हाताऱ्या पिकअपमध्ये काचेला चिकटवलेलं एक जुनंपानं नेव्हिगेशन आहे, ते चालू करून दाखवलं, त्यावर तारीख वीसेक वर्षं मागची! म्हणे बघा, जीपीएस मरायला लागलं. भाऊ लगेच चेकबुक शोधायला लागला, मीच म्हटलं थांब जरा, विचारू कुणाला तरी.

दुसरी कटकट म्हणजे कापूरबावडी सोडून मेट्रोचे खांब सुरू झाले की टेम्पोचा ठिपका नाचायला लागतो. कधी सर्व्हिस रोडला, कधी चक्क बाजूच्या सोसायटीच्या आवारात. ड्रायव्हर शपथा घेतो की शेठ मी मेन रोडलाच आहे. हे नाविकमुळे होतंय का? नवीन युनिट घेतलं तर सुटेल का? जाणकारांनी सांगा प्लीज, आठवड्याच्या आत त्याला उत्तर द्यायचंय.

ऐरोलीकर:
भाऊ सरळ गंडवतोय तो. जीपीएस बंद होणार म्हणे, अरे २०१८ पासून अमेरिका जीपीएस थ्रीचे नवे उपग्रह सोडतेय, बंद करायचं असतं तर कशाला सोडले असते. पेमेंट करू नका.

सिग्नलवाला काका:
गंडवतोय की त्यालाच वरून कुणीतरी असं शिकवून पाठवलंय ते सोडा, पण सांगितलेलं चूक आहे हे नक्की. तुमच्या पिकअपमधल्या डब्याची गंमत आधी सांगतो कारण ती मला आवडली.

जीपीएस तारीख पाठवत नाही, आठवड्याचा नंबर पाठवतं. ६ जानेवारी १९८० पासून मोजायला सुरुवात आणि जुन्या सिग्नलमध्ये त्या नंबरला जागा फक्त दहा बिटची, म्हणजे ० ते १०२३, त्यानंतर परत शून्य. एक फेरा साधारण १९ वर्षं ७ महिन्यांचा. पहिला फेरा ऑगस्ट १९९९ ला संपला, दुसरा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री. हा कितवा फेरा चालू आहे हे यंत्राने स्वतः समजून घ्यायचं असतं. बऱ्याच कंपन्या सॉफ्टवेअरमध्ये आपली एक तारीख धरून ठेवतात, तिथून १०२४ आठवडे झाले की यंत्र मागे उडी मारतं, म्हणून सगळी यंत्रं एकाच दिवशी बिघडत नाहीत. तुमच्या डब्यावर जी तारीख दिसतेय तिच्यात १०२४ आठवडे मिळवून बघा, आजची तारीख येते का. आली तर नाविकचा काडीचा संबंध नाही. जागा मात्र तो डबा बरोबर दाखवत असेल, कारण जागा काढायला आठवड्याच्या आतली वेळ लागते, ती ठीक असते.

आता डिस्टर्बचं. नाविक सुरुवातीपासून एल-५ म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झ ह्या फ्रिक्वेन्सीवर आणि शिवाय एस बँड नावाच्या दुसऱ्या पट्ट्यावर आहे. मे २०२३ मध्ये जो एनव्हीएस-०१ हा नाविकचा नवा उपग्रह गेला त्याच्यापासून एल-१ ही फ्रिक्वेन्सीपण आली, १५७५.४२ मेगाहर्ट्झ, आणि हो, जीपीएसचा नेहमीचा सिग्नलपण तिथेच आहे. पण त्याच फ्रिक्वेन्सीवर युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बायडूपण बसलेलं आहे. प्रत्येक उपग्रहाचा कोड वेगळा, रिसीव्हर कोडवरून आपला सिग्नल उचलतो. वाशी मार्केटात दहा जण एकदम बोली ओरडत असले तरी तुम्हाला तुमच्या अडत्याचा आवाज कळतोच ना, तसं. जुन्या ट्रॅकरला नाविक ऐकूच येत नाही, त्रास कुठून होणार.

खारीगावची सून:
काका मस्त समजावलंत 🙏 पण मग स्वदेशी आहे तर नवीन नाविकवालं घेतलेलं काय वाईट? थोडे पैसे जास्त गेले तरी आपल्या इस्रोचंच आहे ना.

सिग्नलवाला काका:
सूनबाई, अभिमान मलाही आहे, पण टेम्पोवाल्याच्या खिशातून का? आणि आजच्या घडीला एकट्या नाविकवर कुणी गाडी चालवत नाही. पहिला उपग्रह जुलै २०१३ ला गेला, सातवा एप्रिल २०१६ ला, ताफा पूर्ण झाला. मग बाहेरून आणलेली अणुघड्याळं उपग्रहांमध्ये एकामागून एक बंद पडत गेली. घड्याळ गेलं की त्या उपग्रहाचा दिशादर्शनाला उपयोग संपला, कारण एक मायक्रोसेकंद चुकला तर अंतर ३०० मीटरने चुकतं. बदली म्हणून २०१७ ला पाठवलेला उपग्रह उष्णतारोधक कवच उघडलंच नाही म्हणून आतच अडकून राहिला. एनव्हीएस-०१ मध्ये देशी रुबिडियम अणुघड्याळ बसलं ही खरी मोठी गोष्ट, ह्याचं कौतुक पेपरात व्हायला हवं तेवढं झालं नाही असं माझं मत. पण जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ व्हॉल्व्ह न उघडल्यामुळे ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. म्हणून जे नाविकवालं म्हणून विकतात ते जीपीएस अधिक नाविक असं मिश्रण असतं, आणि ते चांगलंच आहे, फक्त त्यासाठी धावपळ करायची गरज नाही.

घोडबंदरवाला:
काका __/\__ तारीख मिळवून बघितली, एका दिवसाचापण फरक नाही, बरोब्बर आजची! भावाला दाखवलं तर गप्प झाला. पण खांबांचं काय? तिथे तर नवीनमुळे फरक पडेल ना?

तुर्भे फिटर:
मी ट्रॅकर बसवायचंच काम करतो म्हणून बोलतो. आधी युनिट कुठे बसवलंय बघा. डॅशबोर्डच्या आत लोखंडी पट्टीखाली कोंबलेलं असेल तर कुठलाही उपग्रह असो, ठिपका नाचणारच. अँटेनाचं तोंड आकाशाकडे पाहिजे आणि वर प्लास्टिक किंवा काच चालते, पत्रा नाही. निम्म्या गाड्यांचं दुखणं इथेच असतं. आणि ठिपका नाचतोय की मधेच गोठून नंतर एकदम उडी मारतोय ते नीट बघा. गोठत असेल तर तो सिमचा प्रॉब्लेम, युनिटला जागा कळलेली असते पण पाठवायला रेंज नसते. टूजीवालं जुनं युनिट असेल तर जास्त होतं.

सिग्नलवाला काका:
फिटरभाऊंशी सहमत. त्यातून उरलं तर ते परावर्तन. सिग्नल सरळ न येता टॉवरवर, गर्डरवर आपटून येतो, वाट लांब होते, यंत्र फसतं. ह्याला एल-५ चा उपयोग होतो पण इथे एक मेख आहे. जीपीएसच्या साध्या एल-१ कोडचा एक तुकडा साधारण ३०० मीटर लांबीचा पडतो, एल-५ वरचा ३० मीटरचा, म्हणून आपटून आलेला सिग्नल वेगळा काढणं सोपं जातं. पण नाविकचा एल-५ वरचा खुला सिग्नल जुन्या चालीनेच, म्हणजे ३०० मीटरवालाच आहे! तो फायदा जीपीएस आणि गॅलिलिओच्या एल-५ चा. नाविकचा फायदा वेगळा, त्याचे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर कायम आपल्याच भागात असतात, काही बऱ्यापैकी उंचावर दिसतात, त्यामुळे इमारतींच्या आड कमी जातात. तेव्हा विक्रेत्याला नाविक आहे का हे विचारू नका, चिप कुठली आणि ती दोन फ्रिक्वेन्सी घेते का ते विचारा. आणि खांबांच्या मधे डोक्यावर पूर्ण स्लॅब असेल तिथे थोडं नाचणं राहणारच, ड्रायव्हरला त्यावरून बोलू नका.

ऐरोलीकर:
मोबाईलवर जीपीएसटेस्ट नावाचं अॅप टाका, मोकळ्या आकाशाखाली उभं राहा, कुठल्या देशाचे उपग्रह पकडतोय ते झेंड्यासकट दिसतं. माझ्या जुन्या फोनवर तिरंगा आलाच नाही, बायकोच्या नव्यावर आला.

खारीगावची सून:
पण ते सरकारी कंपल्सरी ट्रॅकरचं काय असतं? आमच्या ह्यांच्या टुरिस्ट गाडीला लावावं लागलं होतं.

तुर्भे फिटर:
ते एआयएस १४०, ताई, गाडीतल्या ट्रॅकरचं सरकारी मानक. प्रवासी गाड्यांसाठी, त्यात पॅनिक बटणपण लागतं. भाजीच्या टेम्पोला तुमच्या परमिटवर काय लिहिलंय ते आरटीओत विचारून घ्या, विक्रेत्याच्या तोंडावर जाऊ नका.

घोडबंदरवाला:
सगळ्यांचे आभार. एका टेम्पोचं युनिट उघडलं तर खरंच स्टेपनीच्या पान्याखाली दाबून ठेवलेलं निघालं 😅 आज वर काचेपाशी चिकटवतो. त्या माणसाला फोन करून चिपचा नंबर विचारला, म्हणाला ऑफिसात विचारून कळवतो. फिटरभाऊ, वायर वाढवायला लागेल, साधी चालते की अँटेनाची वेगळी असते?

तुर्भे फिटर:
अँटेना युनिटच्या आतच असेल तर फक्त पॉवरची वायर वाढवा, साधी चालेल, फ्यूज मात्र काढू नका. बाहेरची अँटेना असेल तर ती वायर कापून जोडू नका, लांब वायरवाली अँटेनाच आणा.