मदत हवी आहे: शाब्ली २०२१ इतकी आंबट कशामुळे?

वाइनच्या अभ्यासगटात मला शाब्ली या फ्रान्समधल्या पांढऱ्या वाइनच्या २०१८ आणि २०२१ या दोन व्हिंटेजवर (म्हणजे द्राक्षतोडणीच्या वर्षांवर) बोलायचं आहे. २०१८चा उन्हाळा गरम आणि कोरडा होता, त्यामुळे ती वाइन मऊ, भरलेली. हे समजलं. घोडं अडलंय २०२१वर.

त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला कडक दहिवर (गोठवणारं हिम) पडलं, वेलीचे नुकतेच फुटलेले डोळे (कोंब) जळाले. पुढे उन्हाळा थंड, ओला, वर डाउनी या बुरशीजन्य रोगाचा त्रास. उत्पादन खूपच घटलं. पण वेलीवर घड कमी राहिले की उरलेले लवकर पिकतात, असंच आपण ऐकत आलोय ना? मग आंबटपणा इतका का टिकला?

एप्रिल ते ऑक्टोबर १० अंशांवरच्या उष्णतेची बेरीज करून पाहिली. वर्ष थंड होतं एवढं कळतं, पण नेमका कुठला टप्पा नडला ते त्या एका आकड्यातून दिसत नाही. द्राक्षातल्या दोन मुख्य आम्लांपैकी मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने घटतं आणि टार्टारिक बरंचसं टिकतं, हेही वाचलंय. माझ्याकडे फक्त तापमान-पावसाचे मासिक आकडे आहेत, प्रयोगशाळेचे नाहीत. तळघरातल्या प्रक्रियेचा (वाइन बनवण्याच्या पद्धतीचा) मुद्दा सध्या बाजूला ठेवूया. दोन्ही बाटल्या एकाच उत्पादकाच्या आहेत.

तर आंबटपणा राहिला तो दहिवरानंतर उशिरा फुटलेल्या दुय्यम डोळ्यांचे घड मागे पडल्यामुळे, की मण्यांत पाणी उतरल्यानंतरच्या (म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागल्यानंतरच्या) थंड आठवड्यांमुळे? आणि हे दोन परिणाम मासिक आकड्यांवरून वेगळे काढता येतात का?