बीए करताना भाषाविज्ञानात संशोधन करता येतं का? (कोल्हापूरचं 'मी जातो')

राधानगरी_रोड:
मी कोल्हापुरात एसवायबीएला आहे, विषय इंग्रजी. भाषाविज्ञान आम्हाला एका पेपरात तोंडी लावण्यापुरतं. डिसेंबरात पुण्याला शिबिराला गेलो होतो. खोलीतल्या मुलींना म्हणलो, "मी आंघोळीला जातो." झालं! तीन दिवस मला "काय दादा" म्हणून हाक. (मी मुलगी आहे, आधीच सांगून ठेवतो.) आमच्यात आजी, आई, मी, सगळ्याच 'जातो', 'आलो' म्हणतो. धाकटी बहीण मात्र घरात 'जातो' आणि क्लासच्या मैत्रिणींशी फोनवर 'जाते'. हे नेमकं कुठं आणि कुणासमोर बदलतं, ते मला शोधायचं आहे. सर म्हणाले, आधी एमए कर. बीएच्या पोरांना कुणी संशोधनात घेतं का? मेल कुणाला करायची आणि त्यात लिहायचं काय?

अनुस्वार:
सर बरोबर सांगतायत. स्वनिम (भाषेतल्या ध्वनीचं एकक), रूपिम (अर्थ असलेला शब्दाचा लहानात लहान तुकडा), आयपीए (उच्चार लिहून घ्यायची आंतरराष्ट्रीय लिपी) पक्कं नसताना गोळा केलेलं साहित्य पुढं कुणाच्या उपयोगी पडत नाही. पुण्यात डेक्कन कॉलेजला भाषाविज्ञानात एमए आहे. तोवर वाचत राहा.

कापशीची_चप्पल:
वाचायचं आहेच, पण तुझ्या प्रश्नाला आयपीए कशाला लागतंय गं? क्रियापदं मोजता आली की बास.

मी कागलची. टीवायला असताना एका प्राध्यापकांना दोन पानी मेल केली होती. लहानपणापासून भाषेची आवड, मार्गदर्शन मिळावे, वगैरे. उत्तर नाही. आज ती मेल वाचली तर मीसुद्धा उत्तर देणार नाही. पुढं चार महिन्यांनी दुसऱ्या एका बाईंना सहा ओळी पाठवल्या. एसटीत कानावर आलेली अकरा वाक्यं, कोण कुणाशी बोलत होतं ते, आणि खाली एकच प्रश्न. त्याच रात्री उत्तर आलं. त्यांनी संशोधन नाही दिलं, रेकॉर्डिंग उतरवून काढायचं काम दिलं. एका मिनिटाच्या बोलण्याला माझा पाऊण तास जायचा. उन्हाळाभर तेच. कंटाळा म्हणशील तर मरणाचा, पण कान तिथंच तयार झाला. तेव्हा 'संशोधनात घ्या' असं मागू नकोस, 'हे मी मोजलंय, पुढं काय बघू' असं विचार.

आता मोजायचं काय. 'मी भाकरी खाल्ली' यात बोलणारी बाई की बुवा हे कळतच नाही, क्रियापद भाकरीच्या मागं जातं. 'मी जाईन' मध्येही कळत नाही. ही वाक्यं सोडून दे. तुझ्या कामाची मुख्यतः 'जातो/जाते' आणि 'गेलो/गेले' या जातीची. त्यात 'जाते' आलं तरी ते टिपायचंच. नुसते 'जातो' वेचलेस तर ती गंमत झाली, मोजणी नाही.

आणि कुणालाही "तुम्ही जातो म्हणता का?" असं विचारू नकोस. लबॉव्ह या अमेरिकन भाषावैज्ञानिकानं १९६२ साली न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत काय केलं? चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठं आहे, एवढंच विक्रेत्यांना विचारायचा. 'फोर्थ फ्लोअर' आपसूक यायचं. मग न ऐकल्यासारखं करून पुन्हा वदवून घ्यायचा. त्यातला 'र' कोण उच्चारतं आणि कोण गाळतं, ते त्यानं मोजलं. तू रेकॉर्ड करणार असशील तर परवानगी आधी घे, घरच्यांचीही. पण विषय लग्नाचा काढ, ऊसतोडीचा काढ, व्याकरणाचा नको.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मराठी बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यातली रेकॉर्डिंग नेटवर ऐकायला मिळतात. मेल करायच्या आधी ती ऐक.

निपाणी_नाका:
एवढं कशाला? हे सरळ कन्नडचं आहे. कन्नडमध्ये बाई बोलो की बाप्या, 'मी जातो'चं क्रियापद एकच. आमच्या घरात दोन्ही भाषा चालतात, मला विचारा.

कापशीची_चप्पल:
दादा, असेलही. सांगलीजवळच्या कुपवाडवर गंपर्झ आणि विल्सन या संशोधकांचा १९७१ चा लेख जगभर शिकवतात. मराठी, कन्नड, उर्दू शेजारी शेजारी नांदून शब्द आपापले राहिले आणि वाक्याची घडण एकमेकींसारखी झाली, असं त्यांनी दाखवलं. पण सारखं दिसतंय म्हणजे तिकडूनच आलंय असं लगेच नाही म्हणता येत. आणि पोरीचा प्रश्न 'कुठून आलं' हा नाहीच. बहीण फोनवर का बदलते, हा आहे. तो एका घरात बसून तपासता येतो, म्हणून मला तो जास्त आवडला.

राधानगरी_रोड:
ताई, काल आजीपासून सुरुवात केली. पंखा बंद केला, मोबाईल उशीवर ठेवला, परवानगी घेतली. आजी पदर सावरून बसली आणि रेडिओवर बोलावल्यागत सुरू झाली: "मी पहाटे पाचला उठते, मग देवपूजा करते." जन्मात कधी 'उठते' म्हणलेली नाही! बारा मिनिटांत 'ते'वाली नऊ वाक्यं. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात आतनं वास आला. आजी उठली आणि "अगं बाई, दूध! थांब, आलो मी," म्हणत पळाली. हे रेकॉर्डिंगमध्ये आलंय. ते 'आलो' धरायचं का?

कापशीची_चप्पल:
धर की! पण वेगळा रकाना कर, 'मोबाईल विसरल्यावर'. आणि पुढच्या वेळी उशीवर नको, स्वयंपाकघरात ठेव. तिला सांगूनच ठेव, आणि मग भाकरी थापू दे.