मदत हवी आहे: 'झोडियाक' चौघात बसून बघण्यासारखा आहे का?
शनिवारी रात्री जुळे सोलापूरला मित्राकडं पिक्चर बघायचा ठरलाय, मला २००७ चा 'झोडियाक' (अमेरिकेतल्या खऱ्या सीरियल किलरच्या केसवरचा इंग्रजी पिक्चर) लावायचाय. पण बघितलेल्यांच्यातच दोन पार्ट्या, एक म्हणतो डोक्यातनं जात नाही, दुसरा म्हणतो अडीच तास नुसते कागद चाळतात. ट्रेलर बघून झाला, रिव्ह्यू वाचले, तिथं पण तीच भांडणं. खरा खुनी कधी पकडला गेला नाही हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळं स्पॉयलरचं टेन्शन नाही. मला स्लो चालतो, पण सोबतचे दोघं जेवण झालं की पेंगतात (शेंगाचटणी-भाकरी असल्यावर तर बघायलाच नको) आणि उरलेला दुसऱ्या दिवशी बघणं जमणार नाही. सबटायटल चालतील. ग्रुपमध्ये बघितलेल्यांनीच सांगा, पहिल्या तासानंतर पकड सुटते, का तिथनंच खरा धरतो?