शब्दचर्चा : काइदान, युरेई आणि आपली भुतं

प्रश्न : जपानी भयपटांवर लिहिते आहे. ‘काइदान’ला भयकथा म्हटलं तर चालेल का? कुठे ‘क्वाइदान’ही दिसतं. आणि युरेई म्हणजे भूतच ना?

उत्तर : ‘क्वाइदान’ हा जुना उच्चार. लेखक लाफ्काडिओ हर्न यांच्या १९०४ च्या ‘क्वाइदान’ या पुस्तकामुळे तो जगभर गेला. आज जपानीत काइदानच म्हणतात, तेच लिहा. ‘काइ’ म्हणजे विलक्षण, अद्भुत आणि ‘दान’ म्हणजे बोलणं, सांगणं. त्यामुळे भयकथेपेक्षा ‘भुताखेतांची गोष्ट’ जास्त जवळचं, कारण त्यात सांगणारा आणि ऐकणारा दोघंही येतात. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) लोक रात्री जमून शंभर वाती लावत आणि एकेक गोष्ट संपली की एकेक वात विझवत. शेवटची वात विझली की खरंच काहीतरी येतं, अशी समजूत.

ही ऐकण्याची गोष्ट आहे हे मासाकी कोबायाशींच्या ‘क्वाइदान’ या चित्रपटात फार जाणवतं. त्यातल्या ‘काळे केस’ या कथेत टाकून दिलेल्या बायकोकडे सामुराई परत येतो. त्या पडक्या घरात संगीतकार तोरू ताकेमित्सूंनी नेहमीचे आवाज जवळजवळ पुसून टाकलेत आणि लाकूड तडकल्याचे, चिरफाळल्याचे आवाज वापरलेत. तेही पडद्यावरच्या हालचालीशी जुळत नाहीत. मला तर चेहऱ्यांपेक्षा त्या तडकण्याचीच भीती वाटते. ताकेमित्सूंना जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांचं संगीत फार प्रिय होतं. जॅझ उघडपणे ऐकायचा असेल तर कानेतो शिंदोंचा ‘ओनिबाबा’ (१९६४) पाहा. हिकारू हायाशींनी त्यात जपानी ढोल आणि जॅझ एकमेकांवर आदळवलेत. ओनिबाबा म्हणजे राक्षसी म्हातारी. ती युरेई नव्हे, हा फरक लेखात जरूर ठेवा.

युरेई म्हणजे मेलेल्या माणसाचा अडकलेला आत्मा. पांढरा कपडा (प्रेताला नेसवतात तो), मोकळे केस आणि बहुतेक चित्रांत पाय नाहीत. आपल्या हडळीचे पाय उलटे, इथे पायच गायब! सूडासाठी अडकलेली ती ओनऱ्यो. १८२५ च्या ‘योत्सुया काइदान’ या काबुकी नाटकातली ओइवा तशीच, आणि ‘रिंगू’ (१९९८) या चित्रपटातली सादाकोही त्याच घराण्यातली. कोल्हे, तनुकी (कुत्र्याच्या कुळातला एक रानटी प्राणी), कप्पा (पाण्यात राहणारा प्राणी) हे योकाई, म्हणजे लोककथांतले अद्भुत जीव. त्यांना भूत म्हणू नका.

आणखी एक प्रश्न : मग ओनऱ्योला ‘हडळ’ म्हणू का?

उत्तर : नको. हडळ म्हटलं की वाचकाला पिंपळ, विहीर आणि उलटे पाय दिसणार. ‘सूड घेणारा आत्मा’ एकदा सांगा आणि पुढे ओनऱ्योच ठेवा. उबुमेला मात्र आपल्याकडे जवळचा शब्द आहे. बाळंतपणात गेलेली, लेकरासाठी परत येणारी ती उबुमे, आणि बाळंतपणात गेलेली ती आपली अलवंतीण. तिथे बिनधास्त अलवंतीण लिहा, कोकणातल्या आजीलाही कळेल.