अणुपाणबुडीत पाण्याखाली दिवस कसे जातात?

मृदुला_सिअ‍ॅटल: भाचा अमेरिकन नौदलात आहे. लवकरच ओहायो वर्गाच्या अणुपाणबुडीवर पहिल्या गस्तीला निघेल. अडीच-तीन महिने पाण्याखाली! ताईच्या डोळ्याला डोळा नाही. आत हवा कुठून येते, दिवस-रात्र कशी कळते? कुणी स्वतः राहिलंय का?

खोलपाणी: मृदुलाताई, मी २००५ च्या आसपास याच वर्गाच्या बोटीवर होतो. हवा-पाण्याची यंत्रं आमच्याकडेच असायची, त्यामुळे हवेची काळजी पहिली सोडा. समुद्राचं पाणी शुद्ध करून त्यात वीज सोडतात, ऑक्सिजन आत घेतात, हायड्रोजन समुद्रात सोडतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड अमाइनचं द्रावण शोषून घेतं. सगळा जात नाही, बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्तच राहतो, पण सतत मोजला जातो. वीज अणुभट्टीची, म्हणून हवा-पाण्याला तोटा नाही. आधी संपतं ते अन्न. ताजं दूध, भाजी तर पहिल्या काही आठवड्यांतच. अमाइनचा वास कपड्यांत इतका मुरतो की आई माझी बॅग गराजमध्येच उघडायला लावायची.

आमच्या वेळी दिवस १८ तासांचा होता. सहा तास वॉच, म्हणजे ड्यूटीची पाळी, उरलेल्या बारांत देखभाल, आगीचे सराव, झोप. जेवण दर सहा तासांनी. ताटात अंडी दिसली की वर सकाळ आहे असं समजायचं. शरीराचे फार हाल व्हायचे. २०१४ च्या सुमारास नौदल २४ तासांच्या दिवसाकडे वळलं, याचा मला मनापासून आनंद आहे. भाच्याला रोज ठरलेल्या वेळी झोपता येईल, आणि स्वतःच्या बिछान्यावर. लहान पाणबुड्यांवर तिघांत दोन बिछाने असतात. इथे क्षेपणास्त्रांच्या नळ्यांच्या मधल्या जागेत नऊ-नऊ जणांच्या खोल्या आहेत.

तो कंटाळणार नाही. डॉल्फिनचा बिल्ला, म्हणजे पक्का पाणबुडीवाला झाल्याची खूण, मिळवायला प्रत्येकाला, अगदी स्वयंपाक्यालाही, सगळ्या बोटीची यंत्रणा शिकून जुन्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. पहिली गस्त त्यातच जाते.

मृदुला_सिअ‍ॅटल: खूप आभार, दादा. ताईने ईमेल केलं तर पोचेल?

खोलपाणी: पोचेल, उशिरा. गस्तीवर बोट फक्त ऐकते. काही पाठवलं तर ठावठिकाणा उघडा पडतो. म्हणून उत्तर आलं नाही तरी ताईंनी घाबरायचं नाही. ईमेल गठ्ठ्याने येतात, क्रम उलटसुलट होतो, तेव्हा विषयात १, २, ३ असे आकडे घालायला सांगा. आधी दुसरं कुणी वाचतं, हेही लक्षात असू द्या. आजारपणाची बातमी त्यात नको, ती नौदलामार्फत कळवा. घरातलं साधंच लिहा, काय रांधलं, कोण आलं-गेलं. मी तेच पुन्हा पुन्हा वाचायचो.