मदत हवी आहे: ७६ वर्षांच्या वडिलांना घेऊन पुणे ते मुनाबाव-तनोट, एकच गाडी

नमस्कार मंडळी,

थरच्या वाळवंटात स्वतःची गाडी घेऊन गेलेल्यांचा सल्ला हवा आहे. नेहमीची जैसलमेर सहल नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे वडील, आमचे आबा, १९७१ च्या लढाईत बाडमेर सेक्टरमध्ये होते. वय बावीस, काम शक्तिमान ट्रक चालवण्याचं. मुनाबावहून सीमा ओलांडून आपली फौज खोखरापारच्या पुढे नया छोरच्या दिशेनं गेली, तिच्या मागे पाणी पोचवणाऱ्या गाड्यांत आबांची एक गाडी. सिमला करारानंतर तो मुलूख परत दिला गेला, आबाही परत आले. पुढे निवृत्ती, साताऱ्याकडे शेती, आणि आई गेल्यापासून माझ्याकडे धायरीला. इतक्या वर्षांत त्या लढाईबद्दल घरात फारसं बोलले नाहीत. यंदा गणपतीत आरती झाल्यावर मात्र माझ्या मुलाला विचारत होते, "मुनाबावपर्यंत रूळ अजून आहेत का रे?" त्यानं फोनवर बघून सांगितलं की आहेत, मधल्या काळात २००६ साली सीमेपलीकडे जाणारी थार एक्सप्रेस सुरूही झाली होती, ती २०१९ पासून बंद आहे. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एकदा बघायला पाहिजे."

तेव्हाच ठरवलं की यांना न्यायचं. आधी एका सहल कंपनीत विचारलं. आगाऊ पैसे घेतले, आणि वय कळल्यावर सत्तरीच्या वरच्यांना त्या मार्गावर नेत नाही म्हणाले. पैसे परत मिळायला दीड महिना गेला. मग म्हटलं, आपली गाडी आहे, आपण चालवू.

मनात आहे ते असं. पुणे, अहमदाबाद, सांचोर, बाडमेर. हे हजाराच्या वर किलोमीटर दोन मुक्काम करत, रोज उजेडातच. बाडमेरला एक दिवस पूर्ण विश्रांती. ३ डिसेंबरला मुनाबाव, कारण लढाईला त्या दिवशी संध्याकाळी तोंड फुटलं आणि आबांना ती तारीख तिथे हवी आहे. वाटेत गडरा रोडला १९६५ मध्ये कामावर असताना मारल्या गेलेल्या रेल्वे कामगारांचं स्मारक आहे, तिथे थांबायचं. मुनाबावहून परत न फिरता सीमेच्या समांतर जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७० धरायचा: सुंदरा, म्याजलार, धनाना, घोटारू, लोंगेवाला, तनोट. मग रामगढवरून जैसलमेर आणि परत. गाडीत मी, आबा आणि माझा बावीस वर्षांचा मुलगा. चालवणार मी आणि मुलगा.

गाडी डिझेल, फोर बाय फोर, लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) आहे. सहा वर्षं मीच चालवते. वेल्हे, मुळशी, भर पावसातले घाटरस्ते, सगळं झालंय. पण हा सगळा अनुभव चिखलाचा. वाळूचा शून्य, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

गावाकडे चुलतभावाच्या शेताला लागून नदीच्या पात्रात वाळू साठली आहे, तिथे सरावाला गेलो होतो. चाकं फिरायला लागल्याबरोबर मी चिखलात करते तेच केलं. ॲक्सिलरेटर सोडला नाही, स्टिअरिंग डावं-उजवं करत राहिले. मोजून अर्ध्या मिनिटात मागची चाकं ॲक्सलपर्यंत आत, गाडी पोटावर बसलेली. आबा बाभळीखाली खुर्ची टाकून बसले होते. काठी टेकत आले, मला म्हणाले, "बंद कर. चाक फिरवलंस की तू खड्डा खणतेस." मुलाकडून चारही चाकांपुढची वाळू हातानं ओढून काढून घेतली. मग स्वतः खाली बसले, व्हॉल्व्हची टोपी काढली, बाभळीच्या काट्यानं हवा सोडायला लागले. एक हात टायरच्या कुशीवर. अंगठ्यानं दाबून बघायचे, परत थोडी सोडायची. चारही टायर झाल्यावर मी गेज लावला तर १८, १८, १९, १८ पीएसआय. त्यांनी गेज बघितलाही नव्हता. "लो रेंज, दुसरा गिअर. क्लच सोड आणि पाय हलवू नको." गाडी चालत बाहेर आली.

म्हणजे जाणकार आमच्या घरातच आहे. पण तो त्या वेळी शंभर गाड्यांच्या ताफ्यात होता, पुढेमागे माणसं होती. आम्ही एकटे. म्हणून विचारायचंय.

या रस्त्यावर एकट्या गाडीनं जाणं शहाणपणाचं आहे का, की कोणाला तरी सोबत घ्यायलाच हवं? दर माणशी दिवसाला पाच लिटर धरून तीन दिवसांचं पाणी ४५ लिटर होतं, वर १५ राखीव. पुरेल? मी ते एका मोठ्या टाकीत न ठेवता वीस-वीस लिटरच्या तीन कॅनमध्ये, गाडीच्या आत तळाशी ठेवणार आहे. एक फुटला तर सगळं जायला नको, आणि साठ किलो वजन टपावर नको. डिझेलची टाकी ५७ लिटरची. बाडमेरला भरली की मुनाबाव, तनोट करून रामगढपर्यंत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास होतात, ॲव्हरेज अकरा-बारा. हिशेब बसतो, तरी वीस लिटरचा धातूचा जेरीकॅन ठेवावा का? मोबाइलला रेंज नसेल तिथे काय करायचं? भाचा दुबईला असतो, तो सॅटेलाइट फोन आणून देतो म्हणतोय. आणि शेवटचं, माझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं: आबांना एकदा खऱ्या धोऱ्यावर, म्हणजे वाळूच्या टेकडीवर, स्वतः गाडी चालवायची आहे. त्यांचं लायसन्स चालू आहे, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. हे कुठे आणि कसं करता येईल?

– नीराकाठ


रेतीवाला:

ताई, या रस्त्यानं दोनदा गेलोय. सगळ्यात आधी हे सांगतो की महामार्ग ७० आम्ही गेलो तेव्हा डांबरी होता, चांगला होता. अडचण डांबराची नाही, डांबरावर येऊन बसलेल्या वाळूची आहे. वारा सुटला की रात्रीत पट्टा तयार होतो, कुठे वीतभर, कुठे गुडघाभर. असा पट्टा दिसला की अलीकडे डांबरावरच थांबा, मुलाला उतरून चालत जाऊ द्या. पाय किती रुततो त्यावरून कळतं. मग पट्ट्याच्या आधी फोर हाय (चारही चाकांना जोर) लावा, एका लयीत पार करा, पलीकडे कोरडं डांबर लागलं की लगेच टू हाय (फक्त दोन चाकांना). तुमची गाडी पार्ट-टाइम फोर बाय फोर असणार, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही, तर डांबरावर फोर हायमध्ये वळणं घेऊ नका.

लोक अडकतात ते मात्र यात नाही. अडकतात फोटोला किंवा समोरच्या ट्रकला वाट द्यायला गाडी कडेला घेताना. कडेची वाळू भुसभुशीत असते, एका बाजूची दोन चाकं गेली की गाडी कलते. वाट द्यायची तर आधीच वेग कमी करा, थांबायचं तर डांबरावर, दोन्ही बाजूंना लांबवर दिसेल अशा जागी.

एकटी गाडी? रस्ता सोडणार नसाल तर जा. रस्ता सोडणार असाल तर नको. फावडं, चाकाखाली घालायचे दोन रिकव्हरी बोर्ड, हवा भरायचा कंप्रेसर, चांगला दोर, दोर अडकवायच्या दोन शॅकल (कड्या) एवढं हवंच. दोर गाडीच्या रिकव्हरी हुकलाच बांधा, मागच्या टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीच नाही. बॉल तुटून उडाला तर तोफगोळ्यासारखा जातो. ओढताना दोरावर घोंगडी टाका आणि सगळ्यांना लांब उभं करा. हवा १८ वर असेल तर वेग चाळीसच्या आत, आणि डांबरावर येताच परत भरायची. पंधराच्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटतो.

जेरीकॅन ठेवा. तुमच्या हिशेबात वाळूतले किलोमीटर धरलेले नाहीत, तिथे ॲव्हरेज निम्मं होतं.


वायरलेस_खडकी:

आबांना माझा नमस्कार सांगा. मी सैन्यातल्या सिग्नल्सचा (संदेशवहन दलाचा), त्यांच्या नंतरच्या पिढीचा.

सॅटेलाइट फोन अजिबात आणू नका. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे, आणि तुम्ही जाताय सीमेला लागून. विमानतळावरच जप्त होईल, नाही झाला तर पुढे जास्त त्रास. ड्रोनही घरीच ठेवा. बीएसएनएलचं एक सिम घ्या, नकाशे ऑफलाइन उतरवा, आणि जुनी पद्धत वापरा: घरी एका माणसाला रोजचा मार्ग आणि पोचायची वेळ लिहून द्या, अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला फोन करायचा तेही. वाटेत बीएसएफची ठाणी आहेत. तिथे थांबून आपण कोण, कुठे चाललोय ते सांगून जा. आबांचं निवृत्तीचं ओळखपत्र आणि तिघांची आधार कार्डं हाताशी ठेवा. तनोटच्या पुढे सीमास्तंभापर्यंत जायचं तर बीएसएफची परवानगी लागते, ती आधी काढा. मुनाबावला स्टेशनच्या पलीकडे जाण्याबद्दलही बाडमेरलाच विचारून घ्या.

रस्ता सोडून वाळूत उतरायचं नाही याचं खरं कारण आबा तुम्हाला सांगतील. तिथे दोन लढायांचे आणि नंतर २००१-०२ च्या तणावातलेही सुरुंग पेरले गेले होते. काढलेत, पण टेकडी वाऱ्यानं सरकते आणि खूण राहत नाही.


माळरान:

म्याजलारच्या बाजूचा बराचसा मुलूख डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये येतो, तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला. आपल्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तो माळढोक पक्षी, तिकडचा गोडावण, आता देशभरात दीडशेहून कमी उरलाय आणि त्यातले बहुतेक याच भागात आहेत. तो उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. डिसेंबर विणीचा काळ नाही हे खरं, पण सेवण गवताचे जे झुबके तुम्हाला रिकामी वाळू वाटतील त्यातच त्याचं खाणं-लपणं असतं. एकदा चाकोरी पडली की दुसरी गाडी तिच्यावरूनच येते. म्हणून कळकळीनं सांगते, आबांचं धोऱ्यावर चालवणं अशा गवताळ, चाकोरी न पडलेल्या वाळूवर नको. सम किंवा खुडीला जिथे स्थानिक जिपा रोज चालतात त्याच वाळूवर, तिथल्याच माणसाला सोबत घेऊन करा. सुदासरीला पार्कमध्ये रीतसर जाऊन पहाटे माळढोक बघता आला तर बघा. आबांना आवडेल.


पर्वतीची_डॉक्टर:

बीपीच्या गोळ्यांत लघवी जास्त होणारी गोळी आहे का ते आधी बघा. असेल तर निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना प्रवासाची कल्पना द्या, सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. या वयात शरीराला पाणी कमी पडलं तरी तहान उशिरा लागते, आणि डिसेंबरच्या कोरड्या थंड हवेत घाम दिसतच नाही. तहान लागण्याची वाट न बघता तासाला अर्धा पेला. दीड-दोन तासांनी उतरवून दहा मिनिटं चालवा, नाहीतर पाय सुजतात. वाळवंटात रात्री कडाक्याची थंडी असते, पहाटे उठल्यावर एकदम उभं राहू देऊ नका. तुमचं पाणी पुरेसं आहे.


नीराकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आबांना एकेक उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. सुरुंगांचं वाचलं तेव्हा फक्त मान हलवली. मग म्हणाले, वाळूत गाडी चालवायची तर पहाटे चालवा, वाळू रात्रीच्या गारव्यानं घट्ट असते, अकरानंतर तीच वाळू सैल पडते. थांबायचं तर नेहमी उतारावर तोंड करून. आणि धोरा चढायचा तर नाकासमोर. चढली नाही तर त्याच चाकोरीनं सरळ मागे यायचं, मध्येच वळवायची नाही. आडवी झाली की उलटते.

ठरलं ते असं. सॅटेलाइट फोन नाही, भाच्याला कळवलं. गोळ्यांत तुम्ही म्हणता ती गोळी आहे, गुरुवारी डॉक्टरांकडे जातोय. धोरा खुडीला, पहाटे, स्थानिक माणूस आणि त्याची दुसरी गाडी सोबत घेऊन, अर्धा तास. महामार्गावर रस्ता सोडायचा नाही. कंप्रेसर आणि बोर्ड मागवलेत. आबांनी गोणपाटाची चार पोतीही घ्यायला लावली आहेत, बोर्ड पुरले नाहीत तर चाकाखाली घालायला. पोती गाडीत ठेवली आहेत.

एक गोष्ट अजून कोणाकडून कळलेली नाही. आबा सांगतात की सुंदराच्या आसपास एका ढाणीत, म्हणजे छोट्या वस्तीत, बेरी होती, पावसाचं झिरपलेलं पाणी साठणारी उथळ विहीर, आणि तिथल्या बाईनं त्यांच्या गाडीतल्या पाच जणांना स्वतःच्या वाट्याचं पाणी दिलं होतं. गावाचं नाव त्यांना आठवत नाही. विहिरीजवळ दोन खेजडीची झाडं होती एवढंच आठवतं. तसल्या बेऱ्या त्या भागात अजून आहेत का, आणि रस्ता न सोडता एखादी बघता येईल का? बाडमेरचं किंवा त्या बाजूला नोकरी केलेलं कोणी हे वाचत असेल तर कृपया लिहा. सुंदरा ते म्याजलार या पट्ट्यातून गेल्या वर्षभरात कोणी गेलं असेल तर वाळू डांबरावर कुठे कुठे येते तेही. आम्ही २९ नोव्हेंबरला पहाटे निघतोय, तोपर्यंत रोज रात्री इथे बघेन.